घोडा कोणाचा?



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा मी विद्यार्थी. त्यांच्या घराच्या ओसरीत एक काळी सायकल भिंतीला टेकून उभी असे. शाळा जवळ होती, तिथे ते चालत जात. सायकल बाहेर निघे ती जनगणना, मतदारयाद्या आणि निवडणुकीच्या कामाला. एका उन्हाळ्यात ते दुपारी दीड वाजता घामाने निथळत परतले आणि पायरीवर बसून पंक्चर काढू लागले. मी पंप आणून दिला आणि विचारलं, "सर, ही सायकल सरकारनं दिली का?" ते म्हणाले, "काम सरकारचं, सायकल माझी." आवाजात तक्रार नव्हती. सूर्य पूर्वेला उगवतो, हे ज्या सुरात सांगावं त्याच सुरात त्यांनी ते सांगितलं. त्यांनी ते इतकं गृहीत धरलं होतं, हेच मला पुढे आयुष्यभर खटकत राहिलं. आज मी त्यांच्या त्या एका वाक्याबद्दल बोलणार आहे.

आपल्या ग्वाल्हेर शहरातलं कुठलंही हिंदी वर्तमानपत्र उघडा आणि नोकरीच्या जाहिराती वाचा. वसुली प्रतिनिधी हवा, औषधविक्रेता हवा, सामान पोचवणारा मुलगा हवा. शिक्षण बारावी असो वा पदवी, शेवटची ओळ ठरलेली असते : 'स्वयं का दोपहिया वाहन अनिवार्य'. महाराष्ट्रातल्या जाहिरातींत तीच ओळ 'स्वतःची दुचाकी असणे आवश्यक' अशी येते. आपण ती वाचतो आणि पुढे जातो. पण जरा थांबून पाहा, ही ओळ काय मागते? मालकाला फक्त माणूस नको आहे. माणसाबरोबर सत्तर हजार ते लाखभर रुपयांचं यंत्र, त्याचं इंधन, विमा, दुरुस्ती आणि रस्त्यावरचा धोका, हे सगळं त्याला हवं आहे. आणि पगाराचा आकडा लिहिताना त्यानं हिशेब धरलेला असतो तो एकट्या माणसाचा.

ही मागणी नवी नाही. आपण ज्या गावात बसलो आहोत ते गावच या प्रश्नावर उभं आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला. तो तळ उठलाच नाही, त्याचं शहर झालं आणि नावही 'लष्कर' हेच राहिलं. आजही आपण रिक्षावाल्याला सांगतो 'शिंदे की छावनी', 'कंपू', 'हुजरात'. ही नुसती मोहल्ल्यांची नावं नाहीत, एका फौजेच्या रचनेतले ते शब्द आहेत. हुजुरात म्हणजे खुद्द धन्याची फौज. कंपू म्हणजे कवायती पलटणींचा तळ. आणि या फौजेत घोड्यावर बसणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जाई तो एकच : घोडा कोणाचा?

घोडा सरकारचा असेल तर तो बारगीर. घोडा आणि हत्यार स्वतःचं असेल तर तो शिलेदार. एकच रणांगण, एकच शत्रू, एकच धूळ. पण दोघांची स्थिती अगदी वेगळी. शिवाजी महाराजांचा कल पागेकडे, म्हणजे सरकारी घोड्यांकडे होता. कृष्णाजी अनंत सभासदानं १६९७ साली जिंजीला लिहिलेल्या बखरीत त्या पागेची मांडणी दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं : दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. घोडा सरकारचा असला की त्याचं पाणी आणि त्याचे नालसुद्धा सरकारचेच. काम ज्याचं, त्यानं साधनाची चिंता वाहायची, हे तत्त्व सतराव्या शतकात सह्याद्रीत कोणी भाषण न करता अमलात आणलं होतं.

शिलेदारावर अन्याय होत होता असं मात्र मी सरसकट म्हणणार नाही. इतिहासकार ग्रँट डफनं शिवकालीन पगार दिले आहेत. बारगिराला महिना दोन ते पाच होन, तर शिलेदाराला सहा ते बारा. दुपटी-तिपटीचा हा फरक कशाचा होता? शिलेदार जास्त शूर होता म्हणून नव्हे. तो घोडा घेऊन आला म्हणून. घोड्याची किंमत, चारा, चंदी, झीज हे सगळं त्या फरकात मोजलेलं होतं. पुढे पेशवाईत मोहिमेवर निघण्याआधी शिलेदाराला आगाऊ रक्कम मिळे. तिचं नावच नालबंदी. घोड्याला नाल ठोका, सरंजाम नीट करा आणि मग निघा. पैसे खर्च झाल्यावर सहा महिन्यांनी बिलं मागवून त्यात त्रुटी काढायची ही रीत नव्हती. नालबंदी हा शब्द आज आपल्या बोलीतून गेला. शब्द गेला, तसा त्यामागचा विचारही गेला.

तरी शिलेदारीत एक खोल दोष होता. घोडं पेंड खातं ते तिथेच. मोहिमेत घोडा पडला तर शिलेदाराची जन्माची पुंजी मातीत जाई. भरपाई मिळाल्याच्या नोंदी पेशव्यांच्या कागदांत सापडतात, पण ती मिळेलच याचा भरवसा नसे. घोडा गेला की शिलेदार दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर व्हायचा किंवा गावी परतायचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठी फौजा जवळून पाहिलेल्या युरोपीय लेखकांनी एक निरीक्षण नोंदवलं आहे : स्वतःच्या घोड्यावरचा स्वार लढाईत घोडा वाचवायला बघतो. यात भ्याडपणा शोधायचं कारण नाही. ज्याच्या मुलाबाळांचं अन्न त्या चार पायांवर उभं आहे, तो तोफेच्या तोंडाशी घोडा घालताना दोनदा विचार करणारच. साधनाचा धोका कामगाराच्या गळ्यात बांधला की तो धोका कामातच उतरतो, हे त्या निरीक्षणाचं सार आहे. आजचा सामान पोचवणारा तरुण वेळ गाठण्यासाठी सिग्नल तोडतो किंवा पेट्रोल वाचवण्यासाठी लांबचं घर टाळतो. तोही त्याच कोंडीत सापडलेला स्वार आहे.

आपल्या भाषेनं या माणसाला एक फार सुंदर नाव दिलं आहे, 'एकांडा शिलेदार'. कुठल्या पथकात न शिरता, आपला घोडा घेऊन एकटा चाकरीला येणारा तो एकांडा. आज आपण हा शब्द कौतुकानं वापरतो. एखादा समाजसेवक, एखादा संशोधक एकट्यानं झुंजला की म्हणतो, एकांडा शिलेदार आहे. कौतुक खरं आहे. पण त्या शब्दाच्या पोटात एक एकटेपणाही आहे. त्याच्या मागे पागा नाही, नालबंद नाही, पखालजी नाही. घोडा लंगडला तर विचारणारं कोणी नाही. गौरव द्यायचा आणि चारा द्यायचा नाही, ही सवय समाजाला लागली की एकांड्यांची पलटण उभी राहते. आज मोबाईलवरच्या कंपन्या सामान पोचवणाऱ्या मुलांना 'भागीदार' म्हणतात. मला त्या शब्दात जुना एकांडा दिसतो.

पानिपताची गोष्ट या सभागृहात सांगायला नको. १४ जानेवारी १७६१ ला महादजी शिंद्यांचा पाय जायबंदी झाला आणि तो जन्मभर अधू राहिला. परंपरा सांगते की राणेखान नावाच्या भिश्त्यानं त्यांना आपल्या बैलावर घालून त्या रणातून बाहेर काढलं. भिश्त्याचा बैल म्हणजे त्याचं पोट. पखाल त्याच्या पाठीवर, आणि त्या पाण्यावर त्याचं घर. त्या एका दिवशी त्या बैलानं शिंदेशाहीचं भविष्य वाहून नेलं. महादजी हे ऋण विसरले नाहीत. राणेखानाला त्यांनी भाऊ मानलं, मोठा सरदार केलं. ही कथा आपण कृतज्ञतेची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. तरी मला वाटतं, कृतज्ञता ही एका उदार मनाची देणगी असते. तिच्यावर रोजचं राज्य चालत नाही. सगळ्याच राणेखानांना महादजी भेटत नाहीत. त्यांच्यासाठी नियम लागतो.

तो नियमही याच दरबारात तयार झाला होता. महादजींनी १७८४ साली बेन्वा द ब्वान्य या सॅव्हॉयच्या माणसाला चाकरीत घेतलं आणि कवायती कंपू उभे केले. शिपायाची बंदूक सरकारची, दारूगोळा सरकारचा, पगार ठरल्या तारखेला. आणि द ब्वान्यच्या फौजेत जखमी शिपायाला जखमेच्या मानानं रक्कम मिळे, कायमचा अपंग झाला तर निवृत्तिवेतन. म्हणजे अठराव्या शतकात, याच शिंदेशाहीत, लढणाऱ्याचं शरीर ही हिशेबात धरायची गोष्ट आहे हे मान्य झालं होतं. कंपूच्या रस्त्यानं जाताना मी हे आठवतो.

याच फौजेत जेम्स स्किनर वाढला. १८०३ साली इंग्रजांशी युद्ध पेटलं तेव्हा तो शिंद्यांच्या चाकरीतून बाहेर पडला आणि कंपनीसाठी त्यानं स्वारांचं पथक उभारलं. इंग्रजांनी आपली शिलेदारी उचलली आणि तिला 'सिलादार' पद्धत म्हटलं. स्वार भरती होताना असामीची रक्कम भरी. घोडा, खोगीर, कपडे त्यातून येत आणि सोडून जाताना रक्कम परत मिळे. स्वार दरमहा वर्गणी काढून एक फंड चालवत, त्याला 'चंदा' म्हणत. घोडा मेला की त्या चंद्यातून मदत. स्वारांनी स्वतःच उभारलेला तो विमा होता. सरकारला ही पद्धत स्वस्त पडली आणि शंभर वर्षं ती टिकली. मग १९१४ चं महायुद्ध आलं. घोडे समुद्रापार गेले आणि इतके मेले की कुठल्याही स्वाराच्या असामीला किंवा रेजिमेंटच्या चंद्याला ती भर घालणं शक्य राहिलं नाही. सरकारला स्वतः घोडे पुरवावे लागले आणि युद्धानंतरच्या फेररचनेत सिलादार पद्धत मोडीत निघाली. जगातल्या सगळ्यात मोठ्या साम्राज्यालाही शेवटी मान्य करावं लागलं : ज्याचं युद्ध, त्याचा घोडा.

आता माझी स्वतःची थोडी गोष्ट सांगतो. मी वयाच्या चोविसाव्या वर्षी औषध कंपनीचा प्रतिनिधी झालो. अट तीच. वडिलांनी पतपेढीचं कर्ज काढून स्कूटर घेतली. माझ्या वाट्याला मुरैना, भिंड, डबरा, दतिया आणि शिवपुरीपर्यंतचा मुलूख आला. चंबळकाठचं उन्ह आणि माघातलं धुकं, दोन्ही मी त्या स्कूटरवर प्यायलो. एका संध्याकाळी डबऱ्याहून परतताना समोरच्या ट्रकच्या दिव्यांनी डोळे दिपले आणि स्कूटर कडेच्या खडीत गेली. गुडघ्याची वाटी सरकली, हँडल वाकलं, पुढचं चाक मोडलं. मी सव्वा महिना घरी होतो. कचेरीकडून पत्र आलं. त्यात दोन मुद्दे होते. नमुन्यांच्या औषधांची पेटी शाबूत आहे का, याचा तपशील कळवावा. आणि रजा शिल्लक नसल्यामुळे पगार कापला जाईल. पायाबद्दल एक शब्द नव्हता. स्कूटरबद्दल असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ती माझी होती. आईनं पाटल्या मोडून ती दुरुस्त केली. मी पुन्हा रस्त्यावर उतरलो, आणि खरं सांगतो, पुढची दोन वर्षं अंधार पडायच्या आत परतता यावं म्हणून मी लांबच्या गावांच्या भेटी कागदावरच दाखवल्या. मी घोडा वाचवत होतो. आज मला त्याची लाज वाटते, पण ते का घडलं तेही मला कळतं.

आजचा हिशेब मांडून पाहू. एक मुलगा रोज ८० किलोमीटर फिरतो असं धरा. महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २,०८० किलोमीटर. लिटरला ५० किलोमीटर धरले तर साधारण ४२ लिटर पेट्रोल. आपल्या प्रदेशात लिटरचा भाव शंभराच्या वर आहे, म्हणजे चार हजारांहून जास्त रुपये नुसते जळून जातात. एवढं तरी दिसतं. जे दिसत नाही ते मोठं आहे. वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर. चार वर्षांत गाडी लाखाच्या आकड्याला टेकते आणि भंगाराच्या भावाला येते. नव्वद हजारांची गाडी लाखभर किलोमीटर चालली तर प्रत्येक किलोमीटरला नव्वद पैसे गाडी स्वतः झिजते. टायर, साखळी, ऑईल, ब्रेक यांचा खर्च वेगळाच. मालक 'पेट्रोलचे पैसे देतो' म्हणतो तेव्हा तो घोड्याचा चारा देतो, घोडा नव्हे. तो मुलगा दर महिन्याला आपल्या घोड्याचा एक तुकडा मालकाला देत असतो, आणि हे त्या दोघांपैकी कोणीच वहीत मांडत नाही. मराठीत याला पदरमोड म्हणतात. समारंभात, सामाजिक कामात पदरमोड करणं हे थोरपणाचं लक्षण. नोकरीत सक्तीनं होणारी पदरमोड ही पगारकपात असते.

आणि ही अट दारातच किती जणांना थांबवते ते पाहा. ज्या घरात गाडी नाही तो गरीब मुलगा, जिला गाडी चालवायला मिळालीच नाही ती मुलगी, ज्याच्या पायात दोष आहे तो माणूस, हे सगळे मुलाखतीआधीच बाद. आपल्या खेड्यांत मी वेगळंच चित्र पाहतो. आशा ताई रात्री बाळंतिणीला घेऊन निघतात, अंगणवाडी ताई बैठकीला तहसिलीच्या गावी जातात, आणि मोटरसायकल चालवत असतो त्यांचा नवरा किंवा मुलगा. मोबदला एका बाईचा, राबणारी माणसं दोन आणि गाडी तिसरी. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, त्यातून गावोगाव आशा ताई उभ्या राहिल्या. त्या मोठ्या कामाच्या पायाखाली कितीतरी नवऱ्यांच्या मोटरसायकली आहेत. त्यांची नोंद कुठल्याच अहवालात नसते.

सरकारनं कधी घोडा दिला तरी तो कसा दिला हेही पाहायला हवं. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना नोंदी भरण्यासाठी मोबाईल मिळाले. ते इतके कमकुवत ठरले की २०२१ साली सेविकांनी आंदोलन करून ते परत केले. लंगडा घोडा देऊन मोहिमेवर पाठवण्यासारखंच ते. आपल्या टपाल खात्यात सायकलवरून टपाल वाटणाऱ्यांना सायकलभत्ता आहे. सातव्या वेतन आयोगानं तो बंद करण्याची शिफारस केली होती. २०१७ साली सरकारनं तो चालू ठेवला आणि महिना ९० रुपयांवरून १८० रुपये केला. मी याला नुसतं तुटपुंजं म्हणून सोडून देणार नाही. त्या १८० रुपयांत एक टायर येत नाही हे खरं, पण त्यात एक तत्त्व शिल्लक आहे : सायकल तुझी असली तरी काम आमचं आहे, म्हणून तिचा वाटा आमच्याकडे. मास्तरांना तो वाटा कधी मिळाला नाही. आता येणाऱ्या जनगणनेत नोंदी मोबाईलवर व्हायच्या आहेत. तो मोबाईल कोणाचा, हा प्रश्न आजचे मास्तर विचारतील तेव्हा त्यांना हसून उडवू नका.

घोडा पडला तर काय? कायद्यानं या प्रश्नाला उत्तर देत देत शंभर वर्षं घालवली आहेत. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याची भाषा अशी होती की अपघात नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात घडलेला हवा. कारखान्याच्या फाटकाच्या आत यंत्रानं हात गेला तर प्रश्न नाही. पण रस्त्यावर? १९७१ साली सायकलवरून कारखान्याकडे निघालेल्या एका कामगाराला लॉरीनं धडक दिली. अपघात कारखान्यापासून सुमारे किलोमीटरभर अंतरावर झाला होता. कामगार विमा कायद्याखाली पंचवीस वर्षं खटला चालला आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हा नोकरीतला अपघात नव्हे. २०१० साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि घर ते कामाची जागा हा प्रवास, कामाशी संबंध असेल तर, संरक्षणात आला.

मग आपल्या मराठवाड्यातला खटला. एका साखर कारखान्याचा पहारेकरी. पहाटेची पाळी. २००३ सालच्या एका रात्री तो मोटरसायकलवरून कामाला निघाला आणि कारखान्यापासून काही किलोमीटर अलीकडे अपघातात गेला. साखर कारखान्यात पहाटे तीनला पहारा बदलत असेल तर त्या वेळी कुठली एसटी मिळणार? त्याची मोटरसायकल ही त्याची हौस होती की त्या पाळीची अट होती? त्याच्या बायकोनं न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. अपघाताची परिस्थिती, वेळ आणि जागा यांचा नोकरीशी संबंध जुळत असेल तर कामावर जाता-येतानाचा अपघातही १९२३ च्या कायद्यात नोकरीतलाच मानायचा. बावीस वर्षं लागली. पण त्या बाईनं जे मिळवलं ते आता देशातल्या प्रत्येक पहारेकऱ्याचं आहे. या व्यासपीठावरून मी तिला नमस्कार करतो.

भागीदार म्हणवल्या जाणाऱ्या मुलांचं काय? नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख लोक होते, आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. शेजारच्या राजस्थाननं २०२३ साली त्यांच्यासाठी देशातला पहिला कायदा केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत कंपनीनं उलाढालीच्या एक ते दोन टक्के त्यांच्या सुरक्षा निधीत द्यावेत अशी तरतूद आहे. पाऊल पुढे पडलं आहे. पण या तरतुदीही माणसाच्या आजारपणाचा आणि म्हातारपणाचा विचार करतात. त्याच्या गाडीची झीज अजून कोणाच्याच कलमात नाही.

इतर देशांनी हे कसं सोडवलं? ब्रिटनमध्ये कामासाठी स्वतःची मोटार वापरली तर पहिल्या दहा हजार मैलांना मैलामागे ४५ पेन्स आणि मोटरसायकलला २४ पेन्स करमुक्त देता येतात. सायकललाही २० पेन्स आहेत. हा दर नुसत्या इंधनाचा नाही, त्यात विमा, दुरुस्ती, झीज धरलेली आहे. कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यात साधं कलम आहे : कामासाठी कामगाराला जो आवश्यक खर्च करावा लागतो तो मालकानं भरून द्यायचा. यात क्रांती नाही. सभासदानं सांगितलेल्या नालबंदाचाच हा आधुनिक अवतार आहे.

माझ्या ओळखीचे लष्करातले दुकानदार मला विचारतील, "साहेब, आम्ही दोन मुलं ठेवतो, त्यांना गाड्या कुठून घेऊन द्यायच्या?" प्रश्न रास्त आहे. प्रत्येकानं पागा बांधावी असं मी म्हणत नाही. मुलाला स्वतःची गाडी आवडते, ती घरच्या कामाला येते, तिच्यात त्याचा अभिमान आहे. शिलेदारी राहू दे. पण ती शिलेदारीच्या जुन्या कराराप्रमाणे राहू दे. पगाराच्या आकड्यापासून वेगळा, किलोमीटरवर मोजलेला घोड्याचा पगार, ज्यात झीज धरलेली आहे. महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ रक्कम, तीच नालबंदी. आणि घोडा पडला तर, स्वार पडला तर, दवाखाना आणि दुरुस्ती मालकाच्या वहीत. आज गाडीमालकाला पंधरा लाखांचा अपघात विमा सक्तीचा आहे आणि त्याचा हप्ता तो मुलगाच भरतो. मालकाच्या कामासाठी मुलगा दिवसाचे दहा तास रस्त्यावर असेल तर तो हप्ता मालकानं भरायला काय हरकत आहे? आणि हे सगळं नेमणुकीच्या कागदावर लिहिलेलं असावं. जाहिरातीत 'वाहन अनिवार्य' असं लिहिता येतं, तर त्याच ओळीत 'वाहनखर्च वेगळा' हेही लिहिता येईल.

आपल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात दर हिवाळ्यात काय घडतं ते पाहा. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली तो सुरू केला तेव्हा तो गुराढोरांचा मेळा होता. लोक बैल, घोडे पारखायला येत, दात बघत, चाल बघत. आज त्याच मेळ्यात लोक गाड्या घेतात, कारण अलीकडच्या अनेक वर्षांत तिथे रस्ताकरात निम्मी सूट मिळते. गेल्या वेळी मी एका कुटुंबाला पाहिलं. मुलानं नवी मोटरसायकल घेतली होती. आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं, वडिलांनी नारळ फोडला, हँडलला झेंडूची माळ बांधली. मी विचारलं, नोकरी लागली का? वडील अभिमानानं म्हणाले, "उद्यापासून लागणार. गाडी हवी होती ना." तो पोर आधी हप्त्याचा कर्जदार झाला आणि मग चाकर. ती माळ बघून मला आनंद झाला. त्या पोराच्या घोड्याला चारा कोण घालणार, हा प्रश्न मात्र मी घरी घेऊन आलो.

'लष्कराच्या भाकऱ्या भाजणं' हा आपला जुना वाक्प्रचार. स्वतःच्या घरचं पीठ खर्चून दुसऱ्याचं लष्कर पोसायचं. मास्तरांच्या त्या वाक्यात, 'काम सरकारचं, सायकल माझी', तेच होतं. ते थोर होते म्हणून त्यांनी तक्रार केली नाही. पण त्यांचा थोरपणा ही आपली सोय होऊ नये.

शेवटी एक छोटी विनंती, आणि ती या व्याख्यानमालेच्या विश्वस्तांनाच आहे. आजच्या व्याख्यानाच्या निमंत्रणपत्रिका गेल्या आठ दिवसांत घरोघर पोचल्या. शिंदे की छावनीपासून मुरारपर्यंत. माझ्याही घरी आली. एका तरुणानं ती आणून दिली, मोटरसायकलवरून. त्याला मी पाणी दिलं. पेट्रोलचं विचारलं तर तो संकोचून म्हणाला, "संस्थेचं काम आहे काका, त्यात काय." तुम्हाला आठवतं का हा सूर कुठे ऐकला ते? उद्या सकाळी संस्थेची वही उघडाल तेव्हा खर्चाच्या बाजूला एक नवी ओळ लिहा : वाहनखर्च. त्या मुलाला बोलवा, किती किलोमीटर झाले ते त्याच्याकडून विचारून घ्या आणि त्याच्या हातात रक्कम द्या. तो नको म्हणेल. तरी द्या. मास्तरांच्या त्या काळ्या सायकलीचं देणं अजून फिटायचं आहे, आणि ते फेडायला सुरुवात करायची तर त्यांच्या नावानं चालणाऱ्या संस्थेहून योग्य जागा दुसरी नाही.